बोट लागल्यावर पुढे काय?

मुंबई हे बेट आहे, हे मुंबईत राहून सहज विसरता येतं. हार्बर लाइनच्या गाडीला मानखुर्दच्या पुढे खाडी लागते तेव्हा डब्यातली निम्मी माणसं मोबाइलमध्ये असतात आणि उरलेली झोपेत. दोन-तीन मिनिटांत पाणी संपतं, वाशी येतं.

माझं आजोळ अलिबाग तालुक्यात, रेवसच्या बाजूला. त्यामुळे आमच्या घरात मुंबईचं बेटपण कुणी विसरलं नाही. आजी मुंबईला यायची ती समुद्रावरून आणि परत जायची तीही समुद्रावरूनच. गावाला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघायचा, "लाँच चालू आहे ना?" आणि लगेच दुसरा, "पुढे एसटी मिळेल ना?"

हा दुसरा प्रश्न मला पुढे फार महत्त्वाचा वाटायला लागला. बेटावरून पलीकडे जाण्याचा इतिहास आपण बोटींचा आणि पुलांचा इतिहास म्हणून सांगतो. कुठली कंपनी, किती टनांची आगबोट, कितव्या साली पूल. धक्क्यावर उतरलेल्या माणसाचं काय झालं, हे त्यात फारसं येत नाही. खरं तर माणूस सगळ्यात जास्त अडलेला असतो तो तिथेच. मागे पाणी, पुढे रस्ता. रस्त्यावर गाडी आहे का, कुणाची आहे, ती आपल्याला घेणार का, घेतली तर किती पैसे सांगणार, हे सगळं दुसऱ्याच्या हातात असतं. मला त्या धक्क्याबद्दल सांगायचं आहे.

सात बेटं आणि एक फुकटचा रस्ता

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात बेटं भरणी घालून जोडली गेली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण ती जोडून तयार झालेलं मोठं बेटही बेटच होतं. उत्तरेला साष्टी, म्हणजे आजची उपनगरं, हे आणखी एक बेट. तिकडे जायला शीवचा बांध १८०३ साली तयार झाला. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये मात्र त्यानंतरही चाळीसेक वर्षं नावच होती. पावसाळ्यात ही खाडी ओलांडणं जिवावरचं काम होतं.

तिथे बांध घालायला सरकार पैसे काढेना, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले. १८४५ साली माहीमचा कॉजवे सुरू झाला. या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही, अशी त्यांची अट होती असं सांगतात. दादर-माहीमच्या एल. जे. रोडवरून तुम्ही गेला असाल. त्यातलं 'एल. जे.' म्हणजे लेडी जमशेटजी. पैसे देणाऱ्या बाईंना एक गोष्ट नेमकी कळलेली होती. पाणी अडवतं तसा टोलही अडवतो, आणि टोल गरिबालाच आधी अडवतो.

पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे मात्र असा बांध घालणं शक्यच नव्हतं. समोर मोठं बंदर आणि त्यापलीकडे उरण, रेवस, मांडवा. तिथे बोटीला पर्याय नव्हता. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, ज्यांना सगळे 'भाऊ' म्हणत, त्यांनी समुद्रात भर घालून १८४१मध्ये धक्का बांधला. भर घालायला शहरातला कचरा वापरला, असं सांगतात. बंदराच्या कागदावर नाव काहीही असो, लोकांनी त्याला भाऊचा धक्काच म्हटलं. आजही मोऱ्याला आणि रेवसला जाणारी लाँच भाऊच्या धक्क्यावरूनच सुटते.

पडाव, शिडी आणि लिंबू

पुढे कोकण किनाऱ्यावर आगबोटी सुरू झाल्या आणि कोकणचा माणूस गिरणीत, गोदीत, घरकामाला, हॉटेलात अशा सगळ्या कामांसाठी मुंबईत येऊ लागला. रोहिदास, चंपावती, हिरावती ही बोटींची नावं कोकणातल्या घरांत नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जायची. बोट मुंबईहून निघून एकेक बंदर घेत पार गोव्यापर्यंत जायची.

मराठीत 'बोट लागणे' याचे दोन अर्थ आहेत, हे कुठल्याही कोकणी माणसाला विचारा. एक म्हणजे बोट बंदराला लागली. दुसरा म्हणजे पोटात ढवळून उलट्या सुरू झाल्या. म्हणून लिंबू आणि आवळासुपारी बरोबर ठेवायची. बऱ्याच बंदरांत मोठी बोट किनाऱ्यापर्यंत येऊ शकत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि प्रवाशांना न्यायला पडाव यायचे. हलत्या बोटीच्या शिडीवरून हलत्या पडावात पाऊल टाकायचं. आधी पोरं, मग बोचकी, मग म्हाताऱ्या. म्हणजे बेटावरून निघालेल्या माणसाला किनारा गाठायला दोन बोटी लागायच्या, आणि किनारा गाठला तरी गाव आलेलं नसायचं. पुढे चालणं, बैलगाडी, नाहीतर दुसऱ्या खाडीवरची तर.

'तर' म्हणजे नावेने खाडी ओलांडायची जागा. कोकणात रस्त्याला दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते, त्यामुळे तरी जागोजाग होत्या. अंबा नदीच्या खाडीवरच्या धरमतर या गावाच्या नावातही मला तोच 'तर' ऐकू येतो. मुंबईहून महाडकडे जाण्याचा एक नेहमीचा मार्ग असा होता : बोटीने धरमतर, आणि तिथून पुढे खासगी मोटार. समुद्र आणि रस्ता असा जोडप्रवास. इतिहासातला एक मोठा प्रवास या मार्गाने व्हायचा होता, पण झाला नाही.

धरमतरची गाडी

डिसेंबर १९२७. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिऊन सत्याग्रह केला होता. आता दुसरी परिषद महाडलाच भरणार होती. मुंबईतून दोनशेहून अधिक लोक निघायचे होते. जवळचा रस्ता धरमतरचा. पण त्या मार्गावरचे बसमालक परिषदेच्या लोकांना गाडीत घेणार नाहीत, अशी कुणकुण लागली. मग तो मार्ग सोडून द्यावा लागला. २४ डिसेंबरला सगळे 'पद्मावती' बोटीने निघाले. ते लांबच्या समुद्रमार्गाने सावित्रीच्या खाडीतून दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले. तिथे तीन हजारांहून अधिक लोक त्यांची वाट बघत होते. दासगावाहून महाड पाच मैल. हे अंतर सगळे मिरवणुकीने चालत गेले. त्याच रात्री, २५ डिसेंबर १९२७ला, महाडमध्ये मनुस्मृतीचं दहन झालं.

महाडचा इतिहास वाचताना आपण तळ्यापाशी आणि होळीपाशी थांबतो, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र दर वेळी धरमतरच्या त्या न मिळालेल्या गाडीपाशी अडखळते. तिकीट काढलं की आगबोटीत जागा मिळत होती. बोटीवरही जातीचे डोळे असणारच, पण दोनशे माणसं तिकिटं काढून एका बोटीत चढू शकली. अडचण होती ती जमिनीवर पाऊल ठेवल्यानंतरची. तिथे दहा-वीस गाड्यांचे मालक ठरवून परिषद अडवू शकत होते.

बाबासाहेबांच्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडत नव्हतं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी १९०१ सालचा एक प्रवास लिहिला आहे. लहानगे भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले होते. आगगाडीने मसूर स्टेशनपर्यंत आणलं. स्टेशनबाहेर बैलगाड्या होत्या, पण मुलांची जात कळल्यावर एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार असं ठरलं, तेव्हा ती निघाली. पुढे १९२९मध्ये चाळीसगावला उतरले तेव्हा ते परदेशी शिकून आलेले बॅरिस्टर होते. तरीही तिथल्या टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला. मग टांगा हाकायची सवय नसलेल्या माणसाने तो हाकला आणि वाटेत अपघात होऊन बाबासाहेब जखमी झाले.

मसूर, धरमतर, चाळीसगाव. तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच. मोठं, यंत्रावर चालणारं वाहन तिकिटाकडे बघतं. ते जिथे थांबतं तिथून पुढचे पाच-दहा मैल गावाच्या हातात असतात. तिथे तुमचं नाव, आडनाव, गाव विचारलं जातं. माणसाला अडवायचं असेल तर त्याला सगळा रस्ता बंद करावा लागत नाही, शेवटचा तुकडा बंद केला तरी पुरतो.

संविधानाचं कलम १५ वाचताना मला हे सगळं आठवतं. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांच्या वापरावरून कुणालाही अडवता येणार नाही, असं त्यात एका दमात म्हटलं आहे. तलाव आणि रस्ते एकाच यादीत. महाडला जाणाऱ्या माणसांना दोन्ही लागले होते.

काश्याच्या खडकापाशी

ज्या रेवसला आमची लाँच लागते, तिकडेच निघालेली 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ला बुडाली. त्या दिवशी गटारी अमावस्या होती, पाऊस होता आणि लोक सणासाठी घरी चालले होते. सकाळी आठच्या सुमारास बोट भाऊच्या धक्क्यावरून निघाली. तासाभरात काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटांनी ती कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. बोट इतकी जवळ बुडाली, तरी मुंबईला बातमी कळायला दुपार उलटली.

याच कंपनीच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी वीस वर्षांपूर्वी, ११ नोव्हेंबर १९२७ला, एकाच दिवशी बुडाल्या होत्या. तारखा जुळवून बघा. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी 'पद्मावती'त बसले ते या दुर्घटनेनंतर दीड महिन्याच्या आत. कोकणच्या समुद्राची भीती तेव्हा ताजी असणार. तरीही त्यांना जास्तीचा समुद्र पत्करावा लागला, कारण रस्ता त्यांचा नव्हता.

रामदासच्या आठवणींत आजीकडून ऐकलेली एक गोष्ट आहे, आणि ती रेवसच्या बाजूला अजूनही सांगतात. मासेमारीला गेलेल्या कोळ्यांनी बोट उलटलेली पाहिली. मचव्यात माणसांना जागा व्हावी म्हणून त्यांनी पकडलेली मासळी परत समुद्रात टाकली आणि जमतील तितकी माणसं वर ओढली. कोण, कुठला, कुणाचा, हे विचारायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती.

बोटीवर सगळ्यांना पुरतील इतकी जीवरक्षक जॅकेटं आहेत का, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो आहे. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं बुडाली, तेव्हा तो पुन्हा विचारला गेला.

एसटी थांबते तेव्हा

रामदासच्या दुर्घटनेनंतर वर्षभरात, १ जून १९४८ला, पुणे ते अहमदनगर अशी सरकारी एसटीची पहिली गाडी धावली. एसटीच्या इतिहासात लाकडी बाकांचं आणि कापडी छताचं वर्णन हौसेने केलं जातं. मला त्यातली वेगळी गोष्ट मोठी वाटते. गाडी आता मालकाची राहिली नाही. ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, ठरलेलं भाडं आणि छापील तिकीट. कुणाला घ्यायचं हे गाडीवाल्याच्या मर्जीवर उरलं नाही. गावातली जात एसटीमुळे गेली नाही, पण धरमतरला जे करणं सोपं होतं ते अवघड झालं.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच मी लहानपणापासून आजवर कितीतरी वेळा पकडली आहे. साधी लाकडी लाँच, वर ताडपत्री, खाली डिझेलचा वास. बरोबर मासळी विकून निघालेल्या, रिकाम्या टोपल्या एकात एक घातलेल्या बाया. डॉक्टरची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत धरलेले म्हातारे. सुट्टीवर निघालेली मुलं. ओहोटी असली की रेवसला लाँच गाळाच्या कडेकडेने जपून आत येते आणि दहा-पंधरा मिनिटं जास्त जातात. धक्का दिसायला लागला की सगळे पुढे होतात आणि एकाच दिशेने मान उंचावतात. लाल रंग दिसतो का?

एकदा आमची लाँच चांगलीच उशिरा पोचली. एसटी उभी होती. कंडक्टर खाली उतरून धक्क्याकडे बघत उभा होता. शेवटची आजी काठी टेकत वर आली, त्याने तिची पिशवी आत ठेवली आणि मग घंटी दिली. चोंढी नाक्यापर्यंत गाडीत कुणी त्याबद्दल काही बोललं नाही, कारण कुणालाच त्यात विशेष वाटलं नव्हतं. मलाही तेव्हा वाटलं नाही. धरमतरबद्दल वाचल्यानंतर वाटलं.

गेटवेहून मांडव्याचा प्रवास जास्त आरामाचा आहे. तिथल्या काही बोटींच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. उतरलं, की बस तयार. वीकेंडला येणाऱ्या पर्यटकासाठी ही फारच छान सोय आहे, आणि बोट-बस एकाच तिकिटावर जोडता येते हे त्यातून सिद्ध होतं. पण ती बस त्या बोटीच्या प्रवाशांसाठी आहे. मांडव्याच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गावातल्या बाईसाठी नाही. तिने मिनीडोर बघायची. मार्च २०२०मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. तिच्यात गाडीसकट चढता येतं. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे त्याचा धक्क्यावरचा प्रश्नच संपला.

भाड्याचंही असंच आहे. पंचाहत्तरच्या पुढच्यांना २०२२पासून एसटी फुकट आहे, बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट. त्यामुळे म्हातारी आजी रेवस ते अलिबाग पैसे न देता जाते. पण तिच्या प्रवासाचा पाण्यावरचा अर्धा भाग या सवलतीत येत नाही. रस्त्यावरचा प्रवास हा नागरिकाचा हक्क आणि पाण्यावरचा प्रवास ही खासगी बाब, अशी विभागणी आपण नकळत करून टाकली आहे. शंभर वर्षांपूर्वी अडचण बरोबर उलटी होती.

पूल झाल्यावर

१२ जानेवारी २०२४ला शिवडी ते न्हावाशेवा अटल सेतू सुरू झाला. २१.८ किलोमीटर लांब, त्यातला बहुतेक भाग पाण्यावर. त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. दोन्हींमुळे बेट आणि पलीकडचा किनारा जवळ आले. पण दोन्ही सारखे नाहीत. लोकलमध्ये कुणीही दहा-वीस रुपयांत चढतं. अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, आणि मोटारीला सुरुवातीपासून एका फेरीचा टोल २५० रुपये. पुलावरून जाणारी सार्वजनिक बस आहे, पण ती तुमच्या वेळेला आणि तुमच्या गावाला आहे का, यावर पूल तुमचा की दुसऱ्याचा हे ठरतं. आवाबाईंनी १८४५मध्ये जो विचार केला होता, तो इथे कुणी केलेला दिसत नाही.

आता करंजा ते रेवस पूल होतो आहे. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून, त्याची चर्चा आजोळी ऐकू यायची. तो झाला तर पावसाळ्यात लाँच बंद असताना पेणवरून घालावा लागणारा लांबचा वळसा वाचेल. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर भरती-ओहोटी बघावी लागणार नाही. पूल हवाच आहे. लाँचच्या आठवणींनी गळा काढत तो नको म्हणणं, हे ज्याला रात्री पेशंट न्यावा लागत नाही त्यालाच परवडतं.

पण पूल झाल्यावर लाँच बहुधा बंद पडेल. टोपल्या घेऊन येणाऱ्या बाया, फाइल धरलेले म्हातारे आणि सुट्टीवरची मुलं तेव्हाही पलीकडे जाणारच आहेत. आज निदान लाँचचा धक्का आणि एसटीचा थांबा एका जागी आहेत, आणि लाँच आलेली कंडक्टरला दिसते. पुलावर असा धक्का नसेल, आणि उशिरा येणाऱ्यांसाठी थांबायचं ठरवणारं कुणी तिथे उभं नसेल. म्हणून या पुलाचं उद्घाटन होईल तेव्हा ड्रोनने काढलेले व्हिडिओ मी नंतर बघेन. आधी अलिबाग स्टँडवर जाऊन एसटीचं वेळापत्रक बघेन : पुलावरून किती गाड्या, किती वाजता, आणि मधल्या गावांत थांबणाऱ्या किती.